आवयोः

२ जून

चिमे,

अनेक आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून ते वगळते. खुशालीही विचारत नाही. तू खुशालच दिसत होतीस.

बाराव्याला पानं उठायच्या आत मी तुला सगळ्यांदेखत विचारलं, "तुझी गाडी किती वाजता आहे?" तू मुकाट्याने पिशवी भरलीस. दारात चपला घालताना एकदा माझ्याकडे बघितलंस, पण काय झालं म्हणून विचारलं नाहीस. विचारलं नाहीस, म्हणजे तुला ठाऊक होतं. मी तरी असाच अर्थ लावला आणि अजून तोच लावते.

तरी सांगून टाकते. नाहीतर ताईचं नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय, असं घरोघर सांगत सुटशील.

टिल्लू पाटावर बसला होता. एकतीस वर्षांचा घोडा, दारातून वाकून आत येतो, पण टिल्लू हे नाव काही त्याला सोडत नाही. गुरुजी नवीन होते, तरुण. त्यांनी हातात पळी घेतली आणि विचारलं, "गोत्र?" टिल्लू जराही न अडखळता म्हणाला, "वत्स आणि कौशिक." गुरुजींनी मान वर केली. "दोन्ही?" टिल्लू म्हणाला, "दोन्ही." मग गुरुजी दोन्ही गोत्रं म्हणत पुढे गेले. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. पलीकडे तुझी मोठी जाऊ पंख्याचा वेग कमी करायला सांगत होती.

वत्स आमचं. कौशिक तुमचं. माझ्या नवऱ्याच्या पिंडावर पाणी सोडताना माझ्या मुलाने तुझ्या नवऱ्याचं गोत्र सांगितलं.

मूल दत्तक गेलं की आधीच्या घरचं गोत्र सुटतं, एवढं मलाही कळतं. आपलं लग्नात सुटलं तसंच. सुटलेलं गोत्र टिल्लूच्या तोंडात आलं कुठून? सहा महिन्यांचा असताना आला तो माझ्याकडे. त्या वयात त्याला स्वतःचा अंगठाही धड तोंडात घालता येत नव्हता. हे त्याला कुणीतरी नंतर शिकवलं. हळूच, मायेने, सुट्टीत चार दिवस तुझ्याकडे यायचा तेव्हा. कोण शिकवणार दुसरं?

आठवतंय ना मी काय म्हणाले होते? द्यायचा तर पुरता द्या, अर्धा मला नको. माझी दोन बाळं जन्मली तशीच गेली होती. घरात पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा कुणीतरी न्यायचा, हे मला सोसणारं नव्हतं. तेव्हा तू माझे दोन्ही हात धरून म्हणालीस, "ताई, आजपासून मी त्याची मावशी." मी त्या शब्दावर एकतीस वर्षं निजले. तू केसाने गळा कापलास माझा.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

टिल्लूची आई


१९ जून

चिमे,

तुझं उत्तर मिळालं. "ताई, मी शिकवलं नाही." बस? एवढ्यासाठी टपालाचा खर्च केलास? लहानपणी बरणी फुटायची तेव्हाही तू एवढंच म्हणायचीस. आणि बरणी बहुतेक वेळा तूच फोडलेली असायची.

म्हणून मी टिल्लूला विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं, कारण उत्तर काय येईल याची धास्ती होती. तो मागच्या खोलीत मशीनवर काच घासत बसला होता. चष्म्याची काच फ्रेमच्या मापाला आणायची म्हणजे कडेने थोडी थोडी घासावी लागते, जरा जास्त गेली की काच फुकट. तुझ्या भावोजींनीच त्याला शिकवलं. शेजारी उभं राहून मी विचारलं तेव्हा त्याने मशीन बंद केलं. त्यावरूनच मला कळलं, की तो याचीच वाट बघत होता.

म्हणाला, मावशीने नाही, बाबांनी सांगितलं. मुंजीच्या आदल्या दिवशी दुकानात नेऊन, डोळे तपासायच्या खुर्चीवर बसवून सांगितलं, की तुझी गोत्रं दोन आहेत, उद्या गुरुजी सांगतील तसं दोन्ही म्हणायचं, पण हळू म्हणायचं. आणि आईला बोलायचं नाही, तिला त्रास होईल. आठ वर्षांचं पोर. त्याने ते पोटात ठेवलं ते आजवर.

मला वाटायचं हा पोरगा माझ्यापाशी सगळं बोलतो. शाळेत मार खाल्ला तेही सांगायचा, नंतर त्या हिशेबतपासनीस मुलीने नाही म्हटलं तेही सांगितलं. रडला होता माझ्या मांडीवर, एवढा मोठा होऊन. आणि हे एक तेवढं राहिलं.

मी म्हटलं, मग तेव्हा नाही बोललास तर आता तरी गप्प बसायचं होतंस. बाबा गेले होते, मी समोर बसले होते, एक गोत्र खाल्लं असतंस तर काय बिघडलं असतं? त्यावर तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते.

"आई, चुकीचं गोत्र सांगितलं असतं तर बाबांना पोचलं नसतं."

मोबाइलवर हवामान बघून छत्री घेणारा मुलगा हा. पिंड कुठे पोचतो, कोण खातो, यावर वर्षभरापूर्वी जेवताना बाबांशीच वाद घालत होता. पण बाप गेला तेव्हा त्याला काही धोका पत्करायचा नव्हता. बापाला पोचलं पाहिजे. आईला काय पोचेल, याचा विचार कुणी करायचा?

मी तुझ्यावर खोटा आळ घेतला असेल तर तो मागे घेईन, पण अजून घेत नाही. दोन गोत्रं आकाशातून पडली नाहीत. तुझ्या नवऱ्याचं आणि माझ्या नवऱ्याचं काहीतरी ठरलं होतं. तू त्या घरात राहतेस. मला सांग काय ठरलं होतं.

ताई


२७ जून

चिमे,

तुझ्या उत्तराची वाट बघायला धीर नाही, म्हणून पुन्हा लिहिते. मला कळलं. तू सांगायच्या आत कळलं.

थोरले गुरुजी आठवतात? दत्तविधान त्यांनीच केलं होतं. आता पार थकलेत. नातसून हाताला धरून घेऊन येते, रस्ता ओलांडताना दोन्हीकडचे लोक थांबतात. काल चष्मा करायला आले. डोळे तपासायचं काम तुझ्या भावोजींचं, पण गेल्या काही वर्षांत मीही शिकले आहे. गुरुजींना खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड चौकट ठेवली, एकेक काच घालत विचारत गेले, हे बरं का हे बरं. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं ते वाचत होते आणि मधेच ज्या ओळी दिसत नव्हत्या त्या अंदाजाने ठोकून देत होते. सवय आहे त्यांना न बघता म्हणायची.

मी म्हटलं, गुरुजी, माझ्या मुलाची गोत्रं दोन कशी?

ते सहज म्हणाले, "दोनच असणार. तसाच घेतला ना तुम्ही तो?"

मग त्यांनी मला सांगितलं. मी काच हातात धरून उभी होते. गोत्र म्हणजे मुळात गाईंचा गोठा म्हणे. कुणाच्या गाई कुणाच्या गोठ्यात, यावरून माणसांची कुळं ओळखायला लागले, मग त्या गोठ्यांना ऋषींची नावं मिळाली. पुरता दत्तक गेलेला मुलगा एका गोठ्यातून सुटतो आणि दुसऱ्यात बांधला जातो. पण शास्त्रात आणखी एक वाट आहे. देणारा बाप आणि घेणारा बाप यांनी आधी आपसात करार करायचा, की हा दोघांचाही मुलगा. मग दोन्ही गोत्रं त्याची, दोन्ही बापांना त्याने पाणी द्यायचं. त्याला एक लांबलचक नाव आहे, माझ्या जिभेला ते वळलं नाही. करार करताना म्हणायचं वाक्य मात्र मला गुरुजींच्या आधी आठवलं. आवयोरयं पुत्रः.

चिमे, हा शब्द मी त्या दिवशी ऐकला होता. होमाचा धूर नाकातोंडात जात होता, तू पलीकडे पदर तोंडाशी धरून बसली होतीस, ह्यांनी टिल्लूला मांडीवर घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला, आणि हे म्हटलं गेलं. संस्कृतातलं बाकी सगळं वाहून गेलं, तेवढं कानात राहिलं. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, आवयोः म्हणजे काय हो? हे कपड्याने काच पुसत होते. म्हणाले, "आपल्या दोघांचा."

आपल्या दोघांचा. मी काय समजणार? मी समजले ह्यांचा आणि माझा. नवऱ्याचा आणि बायकोचा.

तो शब्द मी घरात आणला. टिल्लू परीक्षेत वर आला की तो आवयोः, आणि शेजारच्यांची खिडकी फोडून आला की तो तुमचा. गिऱ्हाईक समोर असताना मी आतून ओरडायची, अहो, तुमचा आला बघा चिखल घेऊन. हे हसायचे. चिमे, हसायचे ते. एकदाही त्या माणसाचा चेहरा बदलला नाही. गेल्या वर्षी दिवाळं निघायच्या बेतात आलेलं दुकान टिल्लूने सावरलं तेव्हा मी ह्यांच्या पानावर वाढता वाढता म्हटलं, शेवटी आवयोः निघाला. तेव्हा मान खाली घालून जेवत राहिले, एवढंच. मला वाटलं गहिवरले.

मी गुरुजींना म्हटलं, मला हे माहीत नव्हतं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाले, "तुम्ही शेजारीच तर बसला होतात." शेजारी बसले होते, हो. ह्यांच्या हाताला हात लावून बसले होते, बायकांना तेवढंच काम असतं.

माणूस खोटंही बोलला नाही बघ. दोघांचा म्हणाला, तो दोघांचाच होता. फक्त त्या दोघांत मी नव्हते. आयुष्यभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून धडपडला आणि घरात माझ्याच डोळ्यांत धूळ फेकली.

गुरुजींचा चष्मा अजून करायचा आहे. नंबर काय निघाला तो मी लिहायचा विसरले, पुन्हा बोलवावं लागेल त्यांना.

ताई


११ जुलै

चिमे,

तुझं लांब पत्र आलं. तू इतकं लिहू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं.

आळ मागे घेते. पहिल्या ओळीत नाही तर निदान दुसऱ्या परिच्छेदात घेते, एवढं माझ्या स्वभावाला माफ कर.

मेहुणे कबूल झाले तर. "ते पुरुषांचं बोलणं होतं" म्हणाले. किती सोपं. तुमचा थोरला तेव्हा सारखा आजारी असायचा, डॉक्टर काही भरवशाचं बोलत नव्हते, म्हणून त्यांना दुसरा पुरता हातचा सोडवेना. आपल्यामागे पाणी द्यायला कुणी नसलं तर, या भीतीपायी. आणि तुझ्या भावोजींना मूल तर हवं होतं, आणि बायको अर्धं घेणार नाही हेही माहीत होतं. मग काय, दोघे ओसरीवर बसले आणि मिटवून टाकलं. थोरला पुढे पैलवान झाला, हा भाग वेगळा. तुझ्या मनाला आता काय वाटत असेल ते मी विचारत नाही, तू लिहिलंच आहेस. त्यातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. "ताई, मी त्याला कधी पोटाशी धरलं नाही. तू रागावशील म्हणून नाही. दिलेलं पुन्हा हातात घेऊ नये म्हणून."

मला आठवलं, तो तुझ्याकडून परत यायचा तेव्हा मी त्याला विचारायची, मावशीने लाड केले का? तो म्हणायचा, मावशी लांबूनच बोलते. मला आतून बरं वाटायचं. बहीण वचनाला जागली, असं वाटायचं. तू तिकडे हात आवरून बसलीस आणि मी इकडे निर्धास्त बसले. ज्यांनी हे ठरवलं ते दोघे मात्र दर सणाला एकमेकांना मिठ्या मारत होते.

तू मेहुण्यांशी बोलणं टाकलं आहेस हे वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तुझ्याकडे निदान बोलणं टाकायला माणूस आहे. मी कुणाशी टाकू? फोटोशी? परवा मी रागारागाने ह्यांचा चष्मा उचलला आणि पुढच्या काउंटरवर, विकायच्या फ्रेमांमध्ये नेऊन ठेवला. एका गिऱ्हाइकाने तो घालूनही बघितला, आरशात वळून वळून. म्हणाला, जरा जुन्या पद्धतीचा आहे. मी म्हटलं, हो, फारच. टिल्लूने संध्याकाळी तो गुपचूप उचलून आत आणला.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही वाटत नाही. पण मला रोज सकाळी ह्यांची आठवण येते, आणि आधी आठवण येते मग राग. हा क्रम मला उलटा करता येत नाही. याचाच मला जास्त राग येतो.

टिल्लूशी मी अजून नीट बोलत नाही. पान वाढते. तो खाली मान घालून जेवतो, अगदी बापासारखा. कोणत्या बापासारखा ते तूच सांग.

ताई


४ सप्टेंबर

चिमे,

आज जे झालं ते तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आठवड्याने इथल्या नदीवर टिल्लूला श्राद्ध करायचं आहे. ह्यांच्या वर्षाला अजून अवकाश आहे, पण थोरल्या गुरुजींनी सांगितलं म्हणून. ते आता बघून वाचतात. चष्मा झाला त्यांचा, नंबर दुसऱ्यांदा तपासला. ते म्हणाले, सगळी नावं विचारून ठेव. बापाकडची तीन पिढ्यांची, आणि आईकडचीही. आईचे वडील, आजोबा, पणजोबा. त्यांनाही पाणी द्यावं लागतं.

टिल्लू दुकानात आला. मी एका बाईंच्या चष्म्याला नाकाच्या नव्या गाद्या लावत होते. तो काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाइकासारखा उभा राहिला. बाई जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, आई, बाबांकडची नावं माझ्याकडे आहेत. काकांकडचीही आहेत. तुझ्याकडची हवीत. आणि थांबला. मला कळलं तो का थांबला. आई कुठली, हे त्याला विचारायचं होतं आणि त्याची हिंमत होत नव्हती. गोत्रं दोन, बाप दोन, मग आया दोन, मग आईचे बापही दोन असणार, दोघांची वेगवेगळी नावं म्हणावी लागणार, आणि त्यातलं एक म्हणताना मी पुन्हा त्याला गाडी कितीची आहे ते विचारणार. पोरगा घामाघूम झाला होता.

मी दुसऱ्या एका फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता थांबले. आणि चिमे, मला हसू आलं. बारावं झाल्यापासून पहिल्यांदा. तो घाबरला.

मी म्हटलं, "अरे ठोंब्या, माझा बाप कोण? मावशीचा बाप कोण?"

त्याच्या तोंडाकडे बघत राहिले मी. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो काउंटरला वळसा घालून आत आला आणि स्टुलावर मटकन बसला.

एकच, चिमे. आपले बाबा. अत्रि गोत्र. त्यांचे वडील, त्यांचे आजोबा. माझ्याकडून मोजलं तरी तेच आणि तुझ्याकडून मोजलं तरी तेच. त्या दोन शहाण्यांनी ओसरीवर बसून पोराचे दोन वाटे केले, दोन गोठ्यांच्या खुंट्यांना बांधून ठेवला त्याला. पण आपल्या बाजूला त्यांना काही करता आलं नाही. आपण दोघी लग्नात ज्या गोत्रातून सुटलो, जे आपल्याला कुणी पुन्हा विचारलं नाही, तिथे तो पुरता आहे. मी मागितला होता तसा. तू दिला होतास तसा.

याने ह्यांची लबाडी पुसली जात नाही. तो हिशेब मी वर गेल्यावर समोरासमोर मागणार आहे, गोत्र कुठलंही सांगावं लागलं तरी.

तू ये. श्राद्धाला बायकांना करायचं काही नसतं, बसायचं असतं. ते आपल्याला येतं. पण या वेळी गुरुजी काय म्हणतात ते मी आधी बसून अर्थासकट विचारून घेतलं आहे, एकेक शब्द. तुलाही सांगेन. तो आपल्या बाबांचं नाव घेईल तेव्हा रडू नकोस, ऐक.

आणि नंतर त्याला पोटाशी धर. मी बघत असेन, मुद्दाम.

मेहुण्यांना आणू नकोस. टिल्लूच्या मागे मी दोनच पाट मांडणार आहे. आवयोः म्हणजे दोघांचा, हे मला पाठ होतं. दोघींचा म्हणायलाही तोच शब्द आहे, हे गुरुजींनी काल सांगितलं.

तुझी,
ताई